टपालातून दुकान मांडणारा हिशेबनीस

जाहिरातींच्या ई-मेलपैकी बहुतेक न उघडताच काढून टाकले जातात. एखादा उघडला जातो तो बहुधा विषयाच्या ओळीमुळे. कोणत्या ओळीपाशी किती वाचक थांबले हे मोजून पाहण्याची रीत संगणकयुगाची वाटते खरी. पण तिला शिस्त लावली ती शंभर वर्षांपूर्वी, कागद आणि टपालाच्या जमान्यात. त्यात क्लॉड हॉपकिन्स यांचा वाटा मोठा होता.

हॉपकिन्स यांचा जन्म १८६६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही आईची इच्छा. त्यांनी किशोरवयात प्रवचनेही केली. पण तो कर्मठपणा त्यांना मानवला नाही. पुढे ते ग्रँड रॅपिड्स येथील बिसेल कंपनीत हिशेबनीस म्हणून लागले.

ही कंपनी गालिचे झाडण्याची यंत्रे तयार करीत असे. यंत्र विकले जावे म्हणून विक्रेते त्याच्या यांत्रिक भागांचे वर्णन करीत. हॉपकिन्स यांनी ते सारे बाजूला ठेवले. हे यंत्र नाताळची भेट म्हणून मांडावे, असे सुचवणारी सुमारे पाच हजार पत्रे त्यांनी दुकानदारांना पाठवली. त्यांतून एक हजार मागण्या आल्या. पुढे त्यांनी मेपलच्या फिकट लाकडापासून अक्रोडाच्या गडद लाकडापर्यंत बारा प्रकारच्या लाकडांत यंत्रे बनवायला लावली. हिंदुस्थानातून येणाऱ्या तांबड्या लाकडाची तर त्यांनी जंगल आणि हत्तींसह कहाणीच रंगवली. विशेष म्हणजे हे पत्र गळ घालीत नसे. दुकानदाराला एक संधी मिळते आहे, असा त्याचा सूर असे. तीन आठवड्यांत अडीच लाख यंत्रे खपल्याचा आकडा स्वतः हॉपकिन्स यांनीच नोंदवला आहे.

हे कसब मात्र माल पारखून वापरले जात नव्हते. शिकागोत ते लिक्वोझोन नावाच्या जंतुनाशक द्रवाच्या धंद्यात भागीदार झाले. असंख्य रोगांवर उपाय म्हणून तो द्रव खपला. पहिली बाटली फुकट देण्याची युक्तीही त्यांचीच. १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातील लेखमालेने अशा औषधांचा फोलपणा चव्हाट्यावर आणला. लोकांना पत्र वाचायला लावणारी लेखणी आजाऱ्यांच्या आशेवरही तितक्याच सहजतेने चालली, ही हॉपकिन्स यांच्या चरित्रातील काळी बाजू होय.

तरीही मागणी घटली नाही. अल्बर्ट लास्कर यांनी त्यांना ‘लॉर्ड अँड थॉमस’ या जाहिरात संस्थेत आणले. तेथे त्यांचे वार्षिक वेतन १ लाख ८५ हजार डॉलर होते. त्या काळी ही रक्कम अचाटच म्हणावी लागेल. पेप्सोडेंट, पामोलिव्ह यांसारखी नावे घरोघरी पोहोचवण्यात त्यांचा हात होता. मात्र खरा वारसा कूपनांचा. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर खूण असे. त्यामुळे कोणत्या मथळ्याने किती कूपने परत आली हे कळत असे. नुसता मथळा बदलल्याने प्रतिसाद पाचदहा पटींनी वाढलेला त्यांनी पाहिला.

१९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या छोटेखानी पुस्तकात पत्रलेखनावर स्वतंत्र प्रकरण आहे. उंची कागद आणि महाग तिकीट यांनी पत्राकडे अधिक लक्ष जात नाही, सारी मदार मजकुरावर असते, हे त्यांनी तेथे ठासून सांगितले. ज्याने चौकशी केली त्याला उत्तर देताना दारी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे लिहावे आणि त्याने लगेच काही करावे असे कारण द्यावे, हा त्यांचा आग्रह. टाळाटाळीत इच्छा विरते, हे त्यांनी पुरते ओळखले होते. पुढे डेव्हिड ओगिल्वी यांनी हे पुस्तक सात वेळा वाचल्याखेरीज कोणी जाहिरातीच्या वाटेला जाऊ नये, असे बजावले.

हॉपकिन्स १९३२ मध्ये निवर्तले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात लिक्वोझोनसाठी एक अख्खे प्रकरण खर्ची पडले आहे आणि त्यातील यशाचा अभिमान लपत नाही.