सार्वजनिक काकांची खादी आणि सोलापूरचा माग

१ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरविला होता. हत्ती, तोफांच्या सलामी, संस्थानिकांचे जरतारी अंगरखे आणि शिरपेच असा तो थाट. त्या झगमगाटात पुण्याचे एक वकील स्वतः कातलेल्या सुताचे पांढरेशुभ्र, जाडेभरडे कपडे घालून आले होते. पुणे सार्वजनिक सभेचे मानपत्र त्यांच्याकडे होते. ब्रिटिश प्रजेला असतात तेच हक्क हिंदी लोकांनाही मिळावेत, ही मागणी त्यांनी भर दरबारात मांडली. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका म्हणून ओळखतो.

त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळाने थैमान घातले होते आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळत होता. दुष्काळात शेतकऱ्याच्या पाठोपाठ बुडतो तो विणकर. पोटाला भाकरी नसेल, तेव्हा माणूस नवे लुगडे आणि धोतर घेतो कशाला? माग शाबूत, हात शाबूत, पण गिऱ्हाईक नाही. सार्वजनिक सभेने गावोगावी माणसे पाठवून दुष्काळाची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. या कामामागे न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी आणि काकांची पायपीट होती. आणखी एक योगायोग असा, की याच १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची कापड गिरणी सोलापुरात सुरू झाली. पुढे सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणू लागले. म्हणजे एकाच वर्षी दिल्लीत हातसुताचे धोतर, सोलापुरात वाफेवर फिरणाऱ्या चात्या आणि आसपासच्या खेड्यांत ओस पडलेले माग.

काकांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्याचा. सुरुवातीची काही वर्षे सरकारी नोकरीत गेली, नंतर पुण्यात येऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल पुणेकरांची तक्रार होती. त्या निमित्ताने लोकांच्या वतीने बोलणारी संस्था हवी, हा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभेचा एक नियम आजही विचार करण्याजोगा आहे. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांनी सही करून मुखत्यारपत्र द्यावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे कागदावर दाखवता आले पाहिजे, असा हा वकिली खाक्या. सभेच्या कामात काका इतके बुडाले, की त्यांच्या नावाला सार्वजनिक हे विशेषण कायमचे चिकटले.

१२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी यापुढे फक्त हातसुताची खादी वापरण्याची शपथ घेतली आणि ती मरेपर्यंत पाळली. विलायती कापडाने देशातला कारागीर बुडतो, हे लोकहितवादींनी १८४९ सालीच आपल्या शतपत्रांतून सांगितले होते. काकांनी ते अंगावर घातले. गांधीजींचे हिंद स्वराज्य निघाले १९०९ मध्ये, आणि तोवर त्यांनी चरखा पाहिलासुद्धा नव्हता. यावरून काका किती आधीचे, हे ध्यानात येईल.

ही शपथ किती महाग होती, हे हिशेबानेच कळते. पाच वार लांब, पन्नास इंच पन्ह्याचे धोतर घ्या. इंचाला तीस धागे धरले, तरी ताण्याला साडेसात हजार वार आणि बाण्याला जवळपास तितकेच, असे पंधरा हजार वार सूत लागते. साध्या हाताने तासाला अडीचशे वार निघाले, तर नुसत्या कताईचेच साठ तास होतात. दिवसभर कोर्टकचेरी सांभाळणारा माणूस रोज एक तास चरख्यापुढे बसला, तर दोन महिन्यांत एक धोतर. त्याआधी कापसाची सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आले आणि नंतर विणकराकडचे काम. नवख्याचे सूत कुठे जाड, कुठे बारीक. मागावर ताण पडताच ते तुटते, म्हणून ताण्याला खळ नीट बसावी लागते. विणकराच्या दृष्टीने असे सूत म्हणजे डोकेदुखीच. म्हणूनच सोलापूरसारख्या ठिकाणचे विणकरही तोवर मोठ्या प्रमाणावर गिरणीच्या सुताकडे वळले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. सारखे, न तुटणारे सूत मिळाले की दिवसाला कापड जास्त निघते आणि चूल पेटते. विलायती सुताबरोबर मुंबईच्या गिरण्यांचे सूतही बाजारात येऊ लागले होते. मुंबईत पहिल्या गिरणीचा पाया कावसजी दावर यांनी १८५४ मध्येच घातला होता.

काका केवळ व्रतस्थ नव्हते, ते दुकानदारीतही उतरले. देशी माल लोकांनी घ्यावा तर तो मिळाला पाहिजे, म्हणून त्यांनी पुण्यात आणि इतर गावांत देशी मालाची दुकाने काढण्याची खटपट केली. शाई, साबण, मेणबत्त्या अशा वस्तू देशात तयार व्हाव्यात, यासाठीही ते झटले. व्यापार म्हणून यात त्यांनी कमावले काहीच नाही, पदरमोड मात्र भरपूर केली. स्वस्त विलायती कापडापुढे हळूहळू आणि थोडे थोडे निघणारे कापड टिकवणे सोपे नव्हतेच. काकांना हे कळत नव्हते असे मानणे म्हणजे एका मुरलेल्या वकिलाच्या व्यवहारज्ञानावर अन्याय करणे होईल.

हाच माणूस १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेऊन उभा राहिला. बंडखोराची बाजू घेणे म्हणजे सरकारच्या काळ्या यादीत जाणे, अशी तेव्हाची हवा. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठविण्यात आले. काका त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे बावन्न होते.

त्यांच्या पश्चात सभा चालू राहिली आणि सोलापूरच्या विणकरांशी तिचा धागा पुन्हा एकदा जुळला. १८९६-९७ च्या दुष्काळात माग पुन्हा थांबले. सभा तेव्हा लोकमान्य टिळकांच्या पक्षाच्या हाती होती. विणकराला खडी फोडायला पाठविले, तर त्याचा हात विणकामाचा राहत नाही. त्याला त्याच्या मागावरच काम द्यावे, असा टिळकांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी सोलापूरच्या व्यापाऱ्यांशी बोलून योजना आखली, पण मुंबई सरकारने ती बासनात गुंडाळली. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताही काढून घेतली. मोरारजींची गिरणी मात्र पुढे कित्येक दशके चालली आणि मग तीही बंद पडली.