केशनलिकेचे जनक : मार्सेल गोले

आपल्या बडोद्याच्या आसपास रिफायनरी आहे, खतांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. तुमच्यापैकी काहींचे आई-वडील तिथल्या प्रयोगशाळांत काम करतात. आज कॉलम तुटला, अशी कुरकुर घरी कधीतरी तुमच्या कानावर पडली असेल. हा कॉलम म्हणजे खांब नव्हे, तर सुमारे ३० मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटर रुंद अशी तपकिरी नळी. तारेच्या चौकटीवर ती वेटोळे घालून बसवलेली असते. ही कल्पना ज्यांना सुचली, त्या मार्सेल गोले यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

गोले यांचा जन्म १९०२ साली स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे झाला. झुरिकला विद्युत अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले. बेल प्रयोगशाळेत काही वर्षे नोकरी केली आणि १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे बरीच वर्षे ते अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन विभागात होते. संदेशातील चुका आपोआप दुरुस्त करणारी त्यांची सांकेतिक पद्धत १९४९ मध्ये एका पानाच्या टिपणातून प्रसिद्ध झाली. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनी यांची रंगीत छायाचित्रे पाठवताना तीच वापरली.

म्हणजे हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ नव्हतेच! १९५५ नंतर पर्किन-एल्मर कंपनीचे सल्लागार असताना त्यांच्यासमोर गॅस क्रोमॅटोग्राफीचा प्रश्न आला. यात मिश्रणाची वाफ वायूबरोबर नळीतून ढकलतात. नळीतला द्रव प्रत्येक घटकाला कमी-अधिक वेळ धरून ठेवतो, त्यामुळे घटक एकामागून एक बाहेर पडतात. त्या काळी नळीत द्रव लावलेली भुकटी ठासून भरत. तारेतून जाणारा संदेश वाटेत कसा पसरतो, याचे गणित गोले यांना पाठ होते. तेच त्यांनी इथे लावले आणि भुकटीच काढून टाकायचे ठरवले. नळी अतिशय बारीक व पोकळ ठेवायची आणि द्रवाचा पातळ थर फक्त आतल्या भिंतीला द्यायचा. १९५८ साली ॲम्स्टरडॅमच्या परिषदेत त्यांनी याचे संपूर्ण सूत्र मांडले.

सूत्र तयार होते, पण नळी कशाची करायची? पोलादाच्या नळीत काही नाजूक पदार्थ बिघडत. १९६० मध्ये इंग्लंडच्या डेस्टी यांनी काचेच्या लांब नळ्या ओढून वेटोळ्यात वळवण्याचे यंत्र केले. काच गुणी होती, पण यंत्राला जोडताना टोके सरळ करायला गेले की मोडायची. अखेर १९७९ मध्ये डँडेनो आणि झेरेनर यांनी शुद्ध सिलिकाची लवचिक नळी आणली. गोले तेव्हा ७७ वर्षांचे होते. या नळीवर बाहेरून पॉलिइमाइडचे आवरण असते. तपकिरी रंग त्याचाच.

तरीही ती तुटतेच. पालकांना हे माहीत आहे, मुलांसाठी सांगतो. आवरणावर ओरखडा पडला की काच तिथे दुबळी होते. ओव्हनचे रोजचे तापणे-थंड होणे, पंख्याची थरथर आणि वाकवल्याचा ताण यांनी एक दिवस ती तिथेच तुटते. म्हणून नळी ओव्हनच्या भिंतीला किंवा चौकटीच्या कडेला घासते का, वळण फार आवळलेले आहे का, हे आधी पाहावे. जाड नळी बारीक नळीपेक्षा लवकर मोडते, ही गंमत मुलांनी लक्षात ठेवावी.

ओव्हन थंड असताना एकाच जागी तुटली, तर दोन्ही टोके काटकोनात कापून जोडणीने सांधता येतात. मात्र गरम असताना तुटली, तर पुढच्या बाजूच्या तुकड्यात हवा शिरते आणि प्राणवायू आतला थर जाळून टाकतो. इंजेक्टरकडच्या तुकड्यातून वायू वाहत असेल, तर तो बहुधा वाचतो. वायू हायड्रोजन असेल, तर आधी तो बंद करावा, कारण ओव्हनमध्ये साचला तर स्फोट होऊ शकतो. आणि कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

गोले १९८९ मध्ये निवर्तले. तोवर प्रयोगशाळांतून काचेची वेटोळी जवळजवळ नाहीशी होऊन त्यांच्या जागी ही तपकिरी नळी आली होती.