एका पुस्तकाची लेखिका

ताराबाई शिंदे यांना बुलढाण्यात वडिलांनी घरीच शिकविले. वडील कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला, तेव्हा काही पत्रकर्त्यांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे दिली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्याच वर्तनाचा जमाखर्च मांडला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकावर टीकेचे मोहोळ उठले. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली; तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. लेखणी थांबविण्यास सरकारी बंदीच लागते असे नाही. समाजाची कुचेष्टाही पुरेशी होते. सुशिक्षितांनी हे विसरता कामा नये.