गाठींच्या मागे लागलेला बायरिंक

भुईमुगाचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात ना? अशा गाठींतले जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढून वाढवले मार्टिनस बायरिंक या डच माणसानं, १८८८ साली.

जन्म ॲमस्टरडॅमचा, १८५१ चा. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडालेला, घरात चणचण. पठ्ठ्या तरीही शिकला. आधी त्याला वेड होतं कीटकांमुळे पानांवर येणाऱ्या गाठींचं. किडा असं काय करतो, की झाड आपली वाढच बदलतं? पुढे डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी धरली आणि तो जिवाणूंकडे वळला. १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर सापडला. कृषी सेवा केंद्रात जिवाणू खत म्हणून मिळतो ना, तोच!

माणूस तापट. लग्न केलं नाही, विद्यार्थ्यांनी केलेलंही त्याला खपत नसे.

आता खरी हळहळ. ॲझोटोबॅक्टर हवेतला नायट्रोजन बांधतो, हे त्याच्या काळी कळलं. पण हे जिवाणू मुळांपाशी वाढीची संप्रेरकंही सोडतात, मुख्यतः ऑक्सिन. त्यामुळे बारीक मुळं जास्त फुटतात आणि रोप पाणी, अन्नद्रव्यं जास्त ओढतं. काही पिकांत तर नायट्रोजनपेक्षा या संप्रेरकांचाच हात मोठा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. ऑक्सिन म्हणजे नेमकं कोणतं रसायन, हे कळलं १९३४ च्या सुमारास. बायरिंक १ जानेवारी १९३१ लाच गेला होता. वाढ बदलणाऱ्या गाठी आणि हे जिवाणू, दोन्ही त्यानं आयुष्यभर हाताळले, पण वेगवेगळे.