शब्दांशीं खेळणारा मयूर

‘नयन’, ‘कनक’, ‘सरस’ हे शब्द उलट वाचले तरी तेच राहतात, हें ध्यानांत आलें म्हणजे कोणत्याहि मुलास मौज वाटते. अक्षरांशीं निरनिराळ्या प्रकारची क्रीडा जन्मभर करून जे मोठे कवि ठरले, त्या मोरोपंतांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म इ. स. १७२९ मध्यें पन्हाळगडावर झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वानांजवळ त्यांनीं संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. पुढें बारामतीस बाबूजी नाईक यांच्या आश्रयास ते राहिले, आणि पुराण सांगण्यांत व काव्य रचण्यांत त्यांचें आयुष्य तेथेंच गेलें.

महाभारताची कथा त्यांनीं आर्यावृत्तांत मराठींत आणिली. त्यांचीं रामायणें तर १०८ सांगतात! कथा तीच, पण ती सांगतांना नवे नवे नियम ते स्वतःवर लादून घेत. निरोष्ठ रामायणाचा नियम पहा. ओंठ मिटून जीं उच्चारावीं लागतात तीं प, फ, ब, भ, म हीं अक्षरें त्यांत येऊं द्यावयाचीं नाहींत. सीता व दशरथ यांस वाट मोकळी. परंतु भरत, लक्ष्मण, मारुति, बिभीषण हे सारे दाराबाहेर! फार काय, ‘राम’ या शब्दांतच म असल्यामुळें नायकाचेंहि तें नांव घेतां येत नाहीं. अशा अडचणींतून कथा पुढें नेण्यास केवढें शब्दभांडार लागत असेल!

यमकांच्या व श्लेषांच्या सोसामुळें पंतांची कविता क्लिष्ट झाली, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला आहे. आणि तो अगदींच खोटा नाहीं. परंतु जो शब्दांशीं खेळतो त्यास अंतःकरण नसतें, असें मात्र नव्हे. त्यांची ‘केकावली’ याची साक्ष देते. केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत स्वतःस ‘मयूर’ म्हणवीत. आणि मेघासाठीं मोरानें आक्रंदावें, तशी त्यांनीं या काव्यांत देवाची करुणा भाकली. अत्यंत आर्त अशा त्या काव्याचें नांवच कवीच्या नांवावरील श्लेष आहे!

इ. स. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेस बारामती येथें त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थ्यांनो, तीं पांच अक्षरें टाळून सुटींत दहा ओळी लिहून पहा. एका अर्थास आपल्या भाषेंत किती शब्द आहेत, हें तेव्हां कळेल. मात्र आरंभींच एक गोष्ट ध्यानांत ठेवा: सर्वांत आधीं ‘मी’ हा शब्द सोडावा लागेल.