ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,
• ताराबाई मोडक यांच्या जीवनाचा आणि शैक्षणिक कार्याचा परिचय करून घेता येईल.
• बालककेंद्री शिक्षण आणि परिसरातील साधनांवर आधारलेले अध्ययन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात या प्रयोगाची उपयुक्तता तपासता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, शाळा म्हटले की चार भिंती, फळा, बाके आणि ठरावीक वेळ असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ज्याला ही वेळ आणि ही जागा जमत नाही, तो शिक्षणाबाहेर पडतो. दोष मात्र बहुधा त्याच्याच माथी येतो. आपणांपैकी अनेकांनी नोकरी, शेती वा संसार यांमुळे हा अनुभव घेतला असेल. हा दोष मुलाचा नसून शाळेच्या रचनेचा आहे, असे मानून ज्यांनी ती रचनाच बदलली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

२. जडणघडण
ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे वातावरण होते. मुलींच्या उच्च शिक्षणास समाजाची अनुकूलता नसलेल्या त्या काळात त्यांनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. तो संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये उभयतांचा विवाहविच्छेद झाला. अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे सांगावयास नको. ताराबाईंनी मात्र स्वतंत्रपणे उभे राहण्याचे ठरविले. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. मान आणि स्थैर्य देणारे ते पद होते.

३. भावनगरचे वळण
भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा भारतीय परिस्थितीत वापर करण्याचा तो प्रयत्न होता. १९२३ च्या सुमारास ताराबाई राजकोटचे पद सोडून या कार्यात सामील झाल्या. छडी आणि घोकंपट्टी यांना येथे स्थान नव्हते. मूल आपल्या आवडीने साधन निवडी, आपल्या गतीने काम करी आणि शिक्षक त्याचे निरीक्षण करी. शिकविण्यापेक्षा शिकण्यास महत्त्व देणारी ही दृष्टी ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरली.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाद्वारे ताराबाईंनी पालक आणि शिक्षक यांच्यापर्यंत हा विचार पोहोचविला. १९३६ मध्ये त्या मुंबईस परतल्या व दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

४. बोर्डीचा पेच आणि त्याची उकल
दादरच्या कामास यश येत असताना ताराबाईंपुढे एक प्रश्न उभा राहिला. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. सुशिक्षित, मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलांनाच त्यांचा लाभ होत होता. मग खेड्यातील गरीब मुलाने काय करावे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच काळात त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत पहिली अडचण साधनांची नव्हती, तर मुलांची होती. बालवाडी निघाली, पण वंचित वस्त्यांतील मुले तेथे नियमित येत ना. आईबाप पहाटेच मजुरीस जात; थोरले मूल धाकट्याला सांभाळी; अंगावर धड कपडा नसे. अशा मुलास वेळेवर, स्वच्छ होऊन शाळेत येण्यास सांगणे म्हणजे त्याला येऊ नकोस असे सांगण्यासारखेच होते. तेव्हा ताराबाईंनी क्रम उलटविला. शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागली. एखाद्या घराच्या अंगणात मुले जमत. आंघोळ, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, खेळ आणि मोजणी तेथेच होई. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगीही त्यात सामावली जाई. यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि संज्ञा रूढ झाली.

साधनांचा प्रश्नही परिसरानेच सोडविला. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू या वस्तूंनी महागड्या साहित्याची जागा घेतली. बिया मोजून संख्या कळे, पाने जुळवून आकार कळे, चिकणमातीने हाताला वळण लागे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. केवळ स्वस्त पर्याय एवढेच या साधनांचे महत्त्व नव्हते. मुलाच्या ओळखीची वस्तू हाती आल्यामुळे त्याचे घरचे ज्ञान शाळेत ग्राह्य ठरले आणि शिकण्याविषयीची त्याची भीती कमी झाली.

५. कोसबाडची विकासवाडी
१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर वारली आदिवासींच्या परिसरात गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणारी विकासवाडी तेथे आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणातच शिकवीत. अंगणवाडीचेच तत्त्व येथे कष्टकरी मुलांपर्यंत पोहोचले.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी हे कार्य चालविले.

६. मूल्यमापन
२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. या योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी एक सेवा आहे. पोषण व आरोग्य यांची गरज निर्विवाद असली, तरी अंगणवाडीकडे केवळ आहारवाटपाचे केंद्र म्हणून पाहिल्यास ताराबाईंच्या कल्पनेचा गाभाच हरवतो.

सोलापूर जिल्ह्यापुरता विचार केला, तर हा प्रश्न आजही जिवंत आहे. शहरात अनेक स्त्रिया घरीच विड्या वळतात; ऊसतोडणीच्या हंगामात कुटुंबे मुलांसह स्थलांतर करतात. याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली व २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिंपला असो वा मोबाइल, साधन काळानुसार बदलते. ते मुलाच्या हाती पोहोचते की नाही आणि त्याच्या जगण्याशी जुळते की नाही, ही कसोटी बदलत नाही.

७. सारांश
मूल शाळेस जुळवून घेत नसेल, तर शाळेने मुलास जुळवून घ्यावे, हे ताराबाईंच्या कार्याचे सार होय. आपण घरी बसून ही पुस्तिका वाचत आहात, त्या दूरशिक्षणामागेही हाच विचार आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. अंगणवाडीची कल्पना कोणत्या अडचणीतून निर्माण झाली, ते स्पष्ट करा.
२. परिसरातील साधने ही केवळ स्वस्त पर्याय नव्हती, या विधानाची चर्चा करा.

उपक्रम
आपल्या घराजवळील अंगणवाडीस भेट द्या. तेथे मुले कोणत्या वस्तू स्वतः हाताळतात याची नोंद करा आणि आपल्या परिसरात सहज मिळणाऱ्या पाच वस्तूंचा अध्यापनात कसा उपयोग होईल, ते लिहा.