हसायचे कुणावर?

अण्णाभाऊ साठे म्हटले की 'फकिरा' आठवते. कादंबरीकार अण्णाभाऊ मोठे आहेतच. परंतु शेठजी, सावकार आणि मंत्र्याला भर मैदानात हसण्याचा विषय करणारे लोकनाट्यकार अण्णाभाऊ आमच्या चळवळीच्याही विस्मरणात चालले आहेत.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मताच गुन्हेगार ठरविण्याचा तो काळ. शाळा जेमतेम दीड दिवसाची. बापासोबत पायी मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले. नातलगाच्या तमाशाफडात ढोलकी आणि सोंगाड्याची भाषा शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांनी पोवाडा रचला तो राजामहाराजांवर नव्हे, तर कामगारांचे रक्त पिणाऱ्या मच्छरांवर!

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात गणपतीला नमन करण्याची रीत. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमी आणि हुतात्म्यांना वंदन आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच तमाशा लोकनाट्य होऊन उभा राहिला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'लोकमंत्र्याचा दौरा' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. सत्तेला भाषणापेक्षा हशाची भीती अधिक. नाटकांच्या मुसक्या बांधण्यासाठी इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोग कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहे.

हे सांगायचे कारण आमचा गोंदिया जिल्हा. धान घरात आले की झाडीपट्टीत शंकरपट भरतो आणि रात्री नाटक रंगते. दंडार, खडी गंमत ही आमच्या मातीची संपत्ती. गेल्या हिवाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी आम्ही असाच गाण्यांनी भरलेला विनोदी प्रयोग पाहिला. कलावंत मेहनती, गळा कसदार. मात्र हशा पिकला तो गड्याच्या अडाणीपणावर आणि नवऱ्याने टाकलेल्या काळ्या बाईवर. मालगुजार शेवटपर्यंत अब्रूदारच राहिला. समोर बसलेले बहुतेक प्रेक्षक मजूर होते. तेही आपल्याच फजितीवर हसत होते!

अण्णाभाऊंनी नेमके हेच उलटे केले. त्यांच्या वगात गरीब हुशार असतो आणि फजिती होते ती त्याला लुटणाऱ्याची. ते मार्क्सवादी होते, हे खरे. पण १९५९ साली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, हेही तितकेच खरे. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत हलाखीत त्यांचे निधन झाले.

१ ऑगस्टला हार घालणे मातंग वस्तीचे आणि १४ एप्रिलला मिरवणूक काढणे बौद्ध वस्तीचे, ही वाटणी कुणाच्या सोयीची, याचा विचार झाला पाहिजे. जयंतीत डीजेवर उडणाऱ्या वर्गणीतून थोडा पैसा काढून दोन्ही वस्त्यांच्या तरुणांनी एकत्र तालमी कराव्यात. येत्या हंगामात झाडीच्या मंचावर अण्णाभाऊंचे लोकनाट्य झाडीबोलीत उभे राहावे. आमच्या माणसाने एकदा तरी मालगुजारावर पोटभर हसावे. जयभीम!